चाचांच्या बोर्डावरचे दोनदाती धुरकरी

ज्या शर्यतीचा निकाल सुरू होण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतो, ती जिंकून तुम्ही नेमकं काय जिंकता?

उत्तराची घाई करू नका. मी कॉलेजात असताना हाच प्रश्न मला ब्रह्मपुरीतल्या एका माणसाने विचारला होता आणि मी घाईघाईने म्हणालो होतो, "बक्षीस!" तो माणूस जवळ आला, माझी हनुवटी धरली आणि म्हणाला, "आ कर." मी खरंच तोंड उघडलं. त्याने आत डोकावल्यासारखं केलं, मागे वळला आणि भिंतीवरच्या काळ्या बोर्डावर खडूने माझं नाव लिहिलं. सगळ्यात खालच्या रकान्यात. त्या रकान्याचं नाव होतं 'गोऱ्हा'.

त्या माणसाला सगळं गाव चाचा म्हणायचं. हिंदू, मुसलमान, कॉलेजचे प्राध्यापक, एसटीचे कंडक्टर, सगळेच. त्यांच्या दुकानाच्या पाटीचे दोन भाग होते. वरच्या अर्ध्यात नव्या रंगात 'इंटरनेट, ई-मेल, गेम' आणि खालच्या अर्ध्यात उडालेल्या रंगात 'झूल, वेसण, कासरे, घुंगरमाळा'. दोन्ही अर्धे खरे होते. बैलांचा साज विकणं हा चाचांच्या घरचा पिढीजात धंदा. ट्रॅक्टर आले, साज घेणारे कमी झाले, तेव्हा त्यांच्या जावयाने दुकानाच्या पुढच्या भागात काही कॉम्प्युटर मांडले, तारेने एकमेकांना जोडले आणि नागपूरला नोकरी लागताच निघून गेला. मागे उरले कॉम्प्युटर, मोटारींच्या शर्यतीचा एक गेम, आणि कॉलेज सुटलं की तो खेळायला धडकणारी आम्ही पोरं. छताला घुंगरमाळा तशाच लटकत होत्या. त्यांच्याखाली बसून आम्ही कुठल्यातरी परदेशी शहराच्या रस्त्यांवर लाल-पिवळ्या गाड्या पळवायचो आणि दुकानात वास यायचा चामड्याचा.

चाचांना माऊस धरता येत नव्हता. शेवटपर्यंत आला नाही. पण शर्यत त्यांना कळत होती, कारण उभं आयुष्य त्यांनी शंकरपटात काढलं होतं. शंकरपट म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली बैलजोड्यांची शर्यत. चाचांकडे स्वतःचा बैल कधीच नव्हता आणि म्हणूनच आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. त्यांनी बैलांचे दात बघायचे आणि कोणती जोडी कोणत्या गटात पळेल ते सांगायचं. बैलाचं वय दातावरून कळतं. पक्का दात न आलेला तो गोऱ्हा, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात भरले की जुळलेला. दोनदातीसमोर जुळलेला पळवायचा नाही. काही मालक दात कानशीने घासून बैल लहान दाखवायचे. चाचा हिरडीवर बोट फिरवून ती चोरी पकडायचे, आणि भर मैदानात त्या मालकाला पागोट्यासकट धुऊन काढायचे.

अशा माणसाने दुकानातली पहिली शर्यत पाहिली. नववीतला एक नवा पोरगा आणि समोर वर्षभर तोच गेम खेळून बोटं तयार झालेला दुसरा. पोरगा हरला, परत हरला, परत हरला. लोक हसले. पोरगा रडवेला होऊन गेला तो परत आलाच नाही. चाची सांगायच्या की त्या दिवशी चाचांना जेवण गेलं नाही. ताटावर बसून ते एकच वाक्य बोलत राहिले, "गोऱ्ह्यासमोर जुळलेला बैल? माया दुकानात?"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर बोर्ड लागला.

त्यावर पाच रकाने होते, दातांचे. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याला चाचा 'प्लेअर' म्हणत नसत. धुरकरी म्हणत. पटात जोडी हाकणारा तो धुरकरी. प्रत्येक धुरकऱ्याचं नाव एका रकान्यात, आणि शर्यत लागायची ती फक्त त्याच रकान्यातल्यांची. वरच्याशी भिडायचं असेल तर आधी वर चढा. कॉम्प्युटरही सगळे सारखे नव्हते. एकाचं ब्रेकचं बटण चिकटायचं, एकाचा पडदा निळसर दिसायचा. म्हणून प्रत्येक शर्यतीनंतर खुर्च्यांची अदलाबदल सक्तीची. शर्यत सुरू करायची ती घुंगरमाळ हलवून. लोडशेडिंगने मध्येच वीज गेली, तर ज्याची गाडी पुढे होती त्याने कितीही आरडाओरडा करो, शर्यत रद्द. माजरीच्या खाणीतून कोळसा निघतो, आमच्याच जिल्ह्यात जळतो, त्याची वीज कुठल्याकुठे दूरच्या शहरात जाते आणि खाणीच्या जिल्ह्यातली दुकानं दुपारभर अंधारात! यावर मी त्या काळी एक पत्रक लिहिलं होतं. चाचांनी ते वाचून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर हाय. पन पंख्यानं हवा घाल आधी, पोट्टे घामानं भिजून राह्यले."

सगळ्यात विचित्र होती त्यांची बसण्याची तऱ्हा. शर्यत चालू असताना चाचा पडद्यांकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायचे. कोण पुढे, कोण मागे, त्यांना दिसायचंच नाही. ते बघायचे आमचे खांदे, जबडे, बोटं.

"चाचा, गाडी पडद्यावर आहे," मी एकदा म्हणालो.

"गाडी तिकडं हाय. धुरकरी त इकडं बसला न."

आणि शर्यत संपल्यावर पडदा न बघता ते सांगायचे, "तू वळणावर घाबरला. तू धक्का मारला. तू जिंकला, पन तुले मजा नाई आली." ते बहुतेक वेळा बरोबर असायचे. अधूनमधून सपशेल चुकायचे आणि मग कोणी चूक दाखवली की दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत.

माझं आणि त्यांचं भांडण यावरूनच झालं. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठा झालेला. माझे बाबा सायकलला गठ्ठे बांधून गावोगाव पत्रकं वाटायचे, आणि कोणताही अधिकार लेखी नियमाशिवाय असू नये हे मी अक्षरओळख होण्याआधीच शिकलो होतो. गोऱ्ह्याच्या रकान्यात अख्खा एक हंगाम काढल्यावर माझा संयम सुटला.

"चाचा, ही हुकूमशाही आहे."

"काय हाय?"

"तुम्ही खांदे बघता आणि ठरवता. नियम कुठं लिहिलाय? उद्या तुम्हाला एखाद्याचं नाक आवडलं नाही तर?"

चाचांनी खडू माझ्या हातात दिला. "लिही मंग. तुले एवढी अक्कल हाय त लिही."

आम्ही सगळ्यांनी मिळून भांडत भांडत नियम लिहिले, तेव्हा कॉलेजचे दोन तास बुडाले. बरोबरीच्याला हरवलं तर नावापुढे एक रेघ. खूपच कमी रेघा असलेल्याला हरवलं तर काहीच नाही. धक्का मारून जिंकलं तर असलेली एक रेघ पुसायची. रेघा पुरेशा झाल्या की दात वाढणार, सतत हरलं तर कमी होणार. शेवटचा नियम माझा. बोर्डावरच्या कोणीही, कधीही, सगळ्यांदेखत विचारावं, "मी इथी काऊन?", म्हणजे मी याच रकान्यात का, आणि चाचांनी उत्तर द्यावं. उत्तर देता आलं नाही तर नाव एक रकाना वर.

चाचांनी नियम दोनदा वाचून घेतले. मग म्हणाले, "खांदे मी पाहीनच. पन तुया नियमाच्या बाहीर नाई जानार." आणि गेले नाहीत.

पुढे ब्रॉडबँड आलं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा दुकानाबाहेरच्या जगाशी शर्यत लावली. बटण दाबलं की गेमच कुठून तरी अनोळखी माणसं शोधून आणायचा. आमच्यातल्या एका गोऱ्ह्यासमोर त्याने असा धुरकरी आणला की शर्यत संपायला आली तेव्हा आमचा पोरगा पहिल्या वळणावरच्या भिंतीतून गाडी मागे घेत होता. शिवाय आमची तार मंद. आम्ही वळलो की गाडी एक क्षण थांबून वळायची.

चाचा उभे राहिले. "कोन लावते ह्या जोड्या?"

"कोणी नाही चाचा. आपोआप लागतात."

"आपोआप नाई लागत काई. कोनी त लावलं असनच. लिही त्याले."

मी इंग्रजीत मेल लिहिला, चाचा सांगत गेले. त्यात होतं की नवख्याला नवखा द्या. हरणाऱ्याचा आत्मा मोडू नका. आणि जो दूर गावाहून येतो त्याच्या बैलाला आम्ही पटात आधी दम खाऊ देतो, पाणी पाजतो, तसं मंद तारेवाल्यासाठी तुम्ही काय करता ते कळवा. 'दम खाऊ देणे' याला इंग्रजी शब्द शोधताना माझी संध्याकाळ गेली. उत्तर आलं, आपोआप आलेलं: तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

"मोलाचं हाय त मोल दे न बापा," चाचा म्हणाले, आणि त्या दिवसापासून जीपने बाहेरगावाहून येणाऱ्या प्रत्येक पोराला शर्यतीआधी एक फेरी एकट्याने मारू द्यायची, असा नियम त्यांनी स्वतः बोर्डावर चढवला.

वनिता अशीच जीपने यायची. वैनगंगेच्या काठावरच्या, मासेमारी करणाऱ्यांच्या गावची, कॉलेजात माझ्या वर्गात. आधी परीक्षेचा फॉर्म भरायला आली, मग परतीच्या जीपला वेळ होता म्हणून मागे उभी राहून बघत बसली, आणि एक दिवस खुर्ची ओढून बसलीच.

"बाई, इथी मासोळ्या नाई मिळत," एकाने टोमणा मारला.

"हाव, दिसून राह्यलं," ती म्हणाली. "निरे बगळे बसले हायेत."

चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी तिला एकटीने फेरी मारू दिली, तिच्याकडे बघत बसले, आणि म्हणाले, "ही वळणावर हात ढिला सोडते. कोनं शिकवलं?"

"कोनं कायले शिकवन, चाचा? नदीत डोंगा वल्हवतानी, धारेत घातला की असंच करा लागते. धारेशी भांडलं की डोंगा उलटा होते."

सहा महिन्यांत ती गोऱ्ह्यातून दोनदातीत गेली. मीही गेलो, हे नम्रपणे नमूद करतो, तिच्यानंतर गेलो.

आता पंकजबद्दल. त्याच्या वडिलांची भाताची गिरणी मूल गावात, घर ब्रह्मपुरीत, आणि चाचांचं दुकान ज्या इमारतीत होतं ती इमारतही त्यांचीच. गाव त्यांना शेठ म्हणायचं. पंकज वाईट पोरगा नव्हता. त्याला फक्त हरण्याची सवय नव्हती. तो समोरच्या गाडीच्या मागच्या चाकाला अशी धडक द्यायचा की ती गोल फिरून भिंतीत जायची. मग हा निवांत पुढे. जिंकायचा, रेघ मिळायची. धक्का मारलेला असायचा, रेघ पुसली जायची. तो दोनदातीतच अडकून पडला होता, आणि त्याचे कॉलेजातले चमचे त्याला रोज सांगायचे की तू खरा जुळलेला आहेस.

एक दिवस त्याने सगळ्यांदेखत विचारलं. "मी इथी काऊन?"

"धक्का मारते म्हनून," चाचा म्हणाले.

"जिंकतो न मी?"

"जिंकते. पन गाडी नाई चालवत तू. दुसऱ्याची थांबवते."

पंकज खुर्ची लाथाडून गेला. संध्याकाळी शेठ आले. त्यांनी आवाज चढवला नाही. मंडई जवळ आली होती, म्हणजे दिवाळीनंतरची आमची जत्रा, जिच्यात पट असतो, दुकानं लागतात, नाटकं होतात. शेठ म्हणाले, "चाचा, मंडईपर्यंत हा बोर्ड भिंतीवरून काढा. नाहीतर दुकान काढा. पोराचं नाव गावात खाली लिहिलेलं मला चालणार नाही."

ते गेल्यावर आम्ही सगळे चाचांच्या मागे लागलो. एक खडूची रेघ, चाचा! त्याला वर लिहून टाका. कोणाचं काय बिघडतं?

चाचा खरंच रागावले. एरवी ओरडणारा माणूस हळू आवाजात बोलायला लागला. "त्याचंच बिघडन. आज मी त्याले वर लिहिला, त उद्या वरच्याईसंग पळन. ते त्याच्या धक्क्यात नाई येत. हा रोज हारन, हप्त्याभरात खेळनं सोडून देईन. त्याच्या बापाले वाटून राह्यलं पोराले मोठा करतो. मातीत घालून राह्यला पोराले."

दुसऱ्या दिवशी ते शेठच्या दारात गेले. मी सोबत होतो, म्हणून बोलणं शब्दशः सांगू शकतो.

"शेठ, मंडईच्या दिवशी दुकानासमोर तीन शर्यती लावतो. एका बाजूनं पंकज, दुसऱ्या बाजूनं बोर्डावरचा त्याच्या बरोबरीचा. टीव्ही रस्त्याकडं तोंड करून ठेवतो. मंडईत पट हाय, पाळना हाय, जिलबी हाय, नाटकवाले भोंगा फिरवतेत. मानूस एका जागी उभा राहत नाई त्या दिवशी. ज्या शर्यतीचा निकाल आधीच कळला, ती पाहाले कोनी थांबत नाई. तिसरी शर्यत संपेपर्यंत लोक उठून गेले, त मी माया हातानं बोर्ड पुसतो आनि दुकान खाली करतो. थांबले, त बोर्ड राह्यते."

शेठ हसले. "आणि पंकज जिंकला तर?"

"जिंकू द्या न. जिंकन्या-हारन्यावर माया बोर्ड नाई टांगला. लोक थांबले पायजे."

शेठनी मान डोलावली. मुलगा सहज जिंकणार, लोक जिलबीकडे वळणार, काम आपोआप होणार, असा त्यांचा हिशेब असावा.

दुकानात परतल्यावर आमचा पहिला प्रश्न: समोर कोण? आमच्यात एक सहादाती होता, हात असा की पंकजला पहिल्या वळणाआधीच मागे टाकेल. त्याला बसवा, चाचा! दुकानाचा प्रश्न आहे!

"पंकज दोनदाती," चाचा म्हणाले. "दोनदातीच बसन." त्यांनी बोर्डावर बोट फिरवलं. रेघा मोजल्या. पंकजच्या सगळ्यात जवळ नाव होतं वनिताचं.

वनिताने बोर्डाकडे बघितलं, मग चाचांकडे. "चाचा, मी हारली त तुमचं दुकान जाईन जी."

"हारली त नाई जात. लवकर हारली त जाईन."

मी त्या रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता: 'निकाल कोणालाच माहीत नसलेली शर्यत'. बाबांनी ते वाचलं, एक विशेषण काढलं आणि सायकल काढली.

मंडईच्या दिवशी दुपार कलताच दुकानासमोरचा रस्ता भरला. वीज जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून नाटक मंडळीचं जनरेटर तात्पुरतं मागून आणलं होतं. ते दुकानामागे धडधडत होतं. टीव्ही कॉम्प्युटरला जोडून रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर ठेवला. शेठ समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले. चाचा नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून दोन्ही धुरकऱ्यांसमोर बसले. वनिताला आधी एक फेरी एकटीने मारू दिली. पंकज जांभई देत होता.

घुंगरमाळ वाजली.

पहिली शर्यत दुसऱ्याच वळणावर संपली. पंकजने वनिताच्या गाडीला मागून अशी धडक दिली की ती उलटी तोंड करून उभी राहिली. ती सरळ होईपर्यंत तो दिसेनासा झाला. रस्त्यावर एक "अरेरे" उमटलं आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. लोक हलले. "कळलं न बापा आता." "चाल, पटावर जाऊ." पोरांना खांद्यावर घेतलेले बाप वळले. बायका बांगड्यांच्या दुकानाकडे सरकल्या. टपरीवर शेठनी चहाचा कप खाली ठेवला आणि खिशातला रुमाल काढून निवांत तोंड पुसलं.

चाचा रस्त्याकडे बघत नव्हते. ते वनिताकडे बघत होते. "खुर्ची बदला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या शर्यतीत वनिताने सुरुवातीपासून पंकजला पुढे जाऊ दिलं नाही, पण त्याच्यापासून लांब पळूनही गेली नाही. तो अगदी मागे आला, धडक द्यायला त्याने गाडी आडवी काढली, आणि त्याच क्षणी तिने ब्रेक दाबला. त्याला धडकायला काही मिळालंच नाही. त्याची गाडी तिच्या पुढून तिरकी गेली आणि भिंतीवर आदळली. रस्त्यावर असा आवाज झाला की जनरेटर ऐकू येईना.

"पाह्यलं का बे? पाह्यलं का?"

"डोंग्यावानी केलं तिनं! धार निघून जाऊ देल्ली!" हे तिच्या गावच्या एका माणसाने ओरडून सांगितलं. तो मंडईत मासे विकायला आला होता आणि टोपली कधीच कोणाच्या तरी हातात देऊन मोकळा झाला होता.

वनिता जिंकली. एक-एक. गेलेले लोक परत येत होते, आणि येताना आणखी लोकांना घेऊन येत होते. बांगड्यांचा दुकानदार बांगड्या हातात घेऊनच आला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नाटकातला राजा आला. अंगात जरीचा अंगरखा, चेहऱ्यावर रंग, मिशी एकाच बाजूला चिकटवलेली.

"जनरेटर द्या न भाऊ! तिकडं मंडपात अंधार होऊन राह्यला, मेकअप अर्धा झाला माया!"

"एक शर्यत राह्यली, राजे."

"कोनाची होय?"

"कोनालेच मालूम नाई!"

राजा थांबला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पाच मिनिटांनी त्याला शोधायला आलेला त्याचा प्रधानही शेजारी उभा होता.

तिसऱ्या शर्यतीआधी पंकजने खुर्ची बदलली, घाम पुसला आणि वनिताकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. जांभई कुठल्याकुठे गेली होती. मग त्याने चाचांना विचारलं, "ब्रेक कुठं दाबते ती?"

"मले कायले इचारते? शेजारी बसली हाय, तिलेच इचार."

"मी नाई सांगत," वनिता म्हणाली. "शर्यतीनंतर सांगीन."

घुंगरमाळ वाजली, आणि पहिल्या वळणावर मला कळलं की काहीतरी वेगळं घडतंय. पंकज धडकत नव्हता. धडक मारायला गेलो तर ही निसटणार हे त्याला समजलं होतं, म्हणून त्याच्यापुढे एकच मार्ग उरला, आणि तो मार्ग त्याने आयुष्यात पहिल्यांदा धरला. तो गाडी चालवायला लागला. वळणावर बाहेरून आत शिरला, थोडा घसरला, सावरला, तिच्या शेजारी आला. ती पुढे गेली, तो पुढे गेला, ती पुढे गेली. दोन्ही गाड्यांमध्ये हात घालायला जागा नव्हती, तरी एकीने दुसरीला स्पर्श केला नाही. रस्त्यावर कोणी ओरडत नव्हतं आता. पाळणा थांबला होता, कारण पाळणेवालाच इथे उभा होता. नाटकाचा भोंगा दूरवर कोणालातरी बोलावत होता, आणि ज्याला बोलावत होता तो राजा माझा खांदा घट्ट धरून उभा होता.

मी शेठकडे बघितलं. ते बाकड्यावर उभे होते.

शेवटच्या सरळ रस्त्यावर दोघं एकदम आले. आणि वनिता, गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने, आधी रेषेपार गेली.

जे झालं ते मला पूर्ण आठवत नाही. टोपल्या हवेत उडाल्या, कोणीतरी वनिताच्या गावाचं नाव घेऊन आरोळी दिली, प्रधानाने राजाला मिठी मारली आणि त्याची उरलेली अर्धी मिशी प्रधानाच्या गालाला चिकटली. मला आठवतो तो पंकज. तो खुर्चीवर तसाच बसून होता, चेहरा लाल, डोळे चमकत होते. मला वाटलं, आता लाथाडतो खुर्ची. तो वळून वनिताला म्हणाला, "अजून एक? लाव न. अजून एक."

चाचांनी पडद्याकडे अजूनही पाहिलं नव्हतं. गर्दीला विचारलंही नाही कोण जिंकलं. ते उठले, बोर्डाजवळ गेले, खडू उचलला. त्यांनी दोनदातीच्या रकान्यातून वनिताचं नाव पुसलं आणि चारदातीत लिहिलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी दोनदातीतून पंकजचंही नाव पुसलं.

"ओ चाचा, तो त हारला न!" कोणीतरी ओरडलं.

"हारला," चाचा म्हणाले. "पन आज त्यानं चालवली. आनि इच्यासमोर नाकभर मागं राह्यला. इचा दात वाढला त त्याचा नाई वाढनार काय?" आणि वनिताच्या शेजारी, त्याच ओळीत, त्यांनी लिहिलं: पंकज.

मी नियमाला धरून हरकत घेणार होतो. नियमात हरणाऱ्याला बढती नव्हती. पण माझे हात आधीच टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी तो नियम आम्ही रीतसर लिहून बोर्डावर चढवला: बरोबरीची, स्वच्छ शर्यत हरली तरी रेघ मिळते.

शेठ रस्ता ओलांडून आले. बोर्डासमोर उभे राहिले, मुलाचं नाव वाचलं, कितव्या रकान्यात आहे ते बघितलं. "चाचा," ते म्हणाले, "बोर्ड लहान पडतोय. नावं मावत नाहीत. मी मोठा करून देतो."

"नाई जी," चाचा म्हणाले. "तुमचा पोट्टा ह्या बोर्डावर हाय. तुमच्याकडून मोठा केला त लोक म्हनतीन, दात इकत घेतला. आमचा आमी करू."

शेठ हसले, आणि या वेळी मनापासून. दुकान राहिलं. बोर्ड राहिला. पुढच्या हंगामात गडचिरोलीकडून, नागभीडकडून, चंद्रपुरातून पोरं फक्त त्या बोर्डावर नाव लागावं म्हणून यायला लागली, आणि आल्या आल्या विचारायची, "माया बरोबरीचा कोन हाय इथी?" वनिता आणि पंकज पुढची दोन वर्षं एकमेकांना हरवत राहिले. दोघंही सहादातीपर्यंत चढले. जुळलेला कोणीच झालं नाही. चाचा म्हणायचे, "जुळला की बैल म्हातारा होते. राहू द्या थोडी जागा."

आता माझं मागणं. तुम्ही जिथे राहता तिथेही काहीतरी चालू असेल: कॅरम, कबड्डी, वक्तृत्व, मोबाईलवरच्या शर्यती, काहीही. या आठवड्यात तिथे जा. पहिल्याच फेरीत चिरडली गेलेली एखादी पोरगी किंवा पोरगा दारात चपला घालत असेल, परत न येण्यासाठी. त्याला हाक मारा. सहानुभूती देऊ नका, टिप्स देऊ नका. त्याच्या बरोबरीचं कोणीतरी शोधा, त्या दोघांना समोरासमोर बसवा, आणि शर्यत संपेपर्यंत तुम्ही स्वतः तिथून हलू नका.